आकाश हुकलेला डॉक्टर

सैन्यात भरती व्हायला आलेल्या तरुणाला भिंतीवरच्या तक्त्यातली बारीक अक्षरे वाचायला लावतात. पण काळोखात समोरून दिवा चमकला की त्याला काय दिसते, हे तो तक्ता सांगत नाही. हा फरक डॉक्टरांना ज्या शस्त्रक्रियेने पुरेपूर शिकवला, ती जगभर नेणाऱ्या स्व्यातोस्लाव फ्योदोरोव यांना स्वतः वैमानिक व्हायचे होते.

१९२७ साली युक्रेनमधल्या प्रोस्कुरोव गावी त्यांचा जन्म झाला. वडील लाल सेनेत अधिकारी. १९३८ मध्ये स्टॅलिनच्या धरपकडीत ते तुरुंगात गेले. तरीही मुलाने विमानाचा ध्यास सोडला नाही. हवाई दलाच्या पूर्वतयारी शाळेत तो दाखलही झाला. पण १९४५ मध्ये ट्रामच्या अपघाताने एका पायाचा खालचा भाग हिरावून नेला. आकाश हुकले. मग रोस्तोवला तो डॉक्टरी शिकला.

१९६० मध्ये चेबोक्सारी येथे फ्योदोरोव यांनी एका लहान मुलीच्या डोळ्यात कृत्रिम भिंग बसवले. बक्षीस मिळाले ते नोकरी जाण्याचे! वृत्तपत्राने बाजू घेतली, तेव्हा ती परत मिळाली.

१९७० च्या दशकात त्यांनी पारपटलाकडे, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याकडे मोर्चा वळवला. त्यांच्या आधी जपानच्या डॉ. सातो यांनी या पडद्याला आतूनही छेद दिले होते; पुढे कित्येक वर्षांनी त्यांच्या अनेक रुग्णांची पारपटले सुजून धुरकटली. फ्योदोरोव यांनी छेद बाहेरूनच दिले. मधला भाग सोडून, सायकलच्या आऱ्यांसारखे. त्यामुळे कडा सैल पडते, मधला उंचवटा सपाट होतो आणि मायनस नंबर उतरतो. मॉस्कोतल्या त्यांच्या संस्थेत रुग्ण सरकत्या पट्ट्यावरून पुढे जात आणि एकेक डॉक्टर एकेक टप्पा उरकी. चष्मा सुटल्याचा आनंद खराच होता.

पण छेदांच्या खुणा राहतात. रात्री दिव्याभोवती किरणांची चांदणी फुटते. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत दहा वर्षांनी ४३ टक्के डोळ्यांचा नंबर एक किंवा अधिक अंकाने प्लसकडे सरकलेला आढळला. उंचावर प्राणवायू कमी पडला की असे पारपटल सुजते. १९९६ मध्ये एव्हरेस्टवर ही शस्त्रक्रिया झालेल्या बेक वेदर्स या अमेरिकी डॉक्टरची दृष्टी अशीच ऐन चढाईत गेली. वैमानिकाला हे कसे परवडावे? म्हणूनच पुढे लेसर आले, तेव्हा अमेरिकी नौदलाने आपल्या जवानांवर चाचण्या घेताना तक्त्याबरोबरच झगमगाटाने होणारा त्रास आणि फिकट-गडद छटा ओळखण्याची क्षमताही मोजली.

२ जून २००० रोजी मॉस्कोत हेलिकॉप्टर कोसळून फ्योदोरोव गेले. त्यांची सुरी आता मागे पडली आहे. मात्र आजही चष्मा घालवून सैन्यात जाऊ पाहणाऱ्या मुलाने, किती ओळी वाचता येतील यासोबत, रात्री कसे दिसेल हेही डॉक्टरांना जरूर विचारावे.