न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे

पेशवाईत पुण्यास दरवर्षी श्रावणात विद्वान ब्राह्मणांस दक्षिणा वाटली जात असे. दूरदूरच्या प्रांतांतून शास्त्री-पंडित येत आणि ज्याची जशी विद्या तशी त्याची रक्कम ठरे. एके वर्षी त्या मंडळींत न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांचे बंधूच येऊन बसले. त्यांस वीस रुपये द्यावेत असे नाना फडणिसांनी सुचविले. शास्त्रीबुवांनी ते मानले नाही. बंधूंची विद्या बेताची, तेव्हा सरकारी दक्षिणा इतरांप्रमाणे दोनच रुपये. भाऊ या नात्याने जे द्यावयाचे ते आपण घरी स्वतःच्या पैशातून देऊ, असे त्यांनी सांगितले. ही आख्यायिका पुष्कळांनी ऐकली असेल. आम्हांस तीत विशेष वाटते ते हे की, नानांनी हुकूम केला नव्हता; त्यांनी केवळ सौजन्य दाखविले होते. सत्तेचे वजन बहुधा असेच, सौजन्याच्या रूपाने पारड्यात पडते. विद्यार्थी-साहाय्य वाटणाऱ्या कोणत्याही मंडळास हा अनुभव नवा नाही.

रामशास्त्री साताऱ्याजवळील माहुलीचे. विशीपर्यंत त्यांचे अध्ययन असे झालेच नव्हते म्हणतात. पुढे काशीस जाऊन त्यांनी धर्मशास्त्र आत्मसात केले. पेशव्यांच्या पदरी आल्यावर १७५९ साली ते न्यायाधीश झाले. थोरल्या माधवरावांचा त्यांच्यावर पूर्ण विश्वास होता, पण म्हणून शास्त्रीबुवांनी त्यांची भीड धरली नाही. माधवराव जपात मग्न असल्यामुळे एकदा शास्त्रीबुवांना कामासाठी तिष्ठत राहावे लागले. दुसऱ्या दिवशी त्यांनी काशीस जाण्याची रजा मागितली. ब्राह्मणाचाच धर्म आचरावयाचा असेल तर श्रीमंतांनीही राज्य सोडून गंगातीरी चलावे, आणि राज्य करावयाचे असेल तर प्रजेचे काम आधी पाहावे, असे त्यांचे म्हणणे. पेशव्यांनी तो जप सोडला. देवळाच्या पत्रिकेत हा प्रसंग छापताना आम्हांस संकोच वाटत नाही.

माधवराव १७७२ च्या नोव्हेंबरात निवर्तले. पुढच्याच वर्षी, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, ऐन गणेशोत्सवात शनिवारवाड्यात अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी वध केला, आणि त्यांचे चुलते रघुनाथराव गादीवर आले. दरबारातील बहुतेकांनी तूर्त मान तुकविली. राज्य चालविण्यास दुसरे कोणी दिसत नव्हते, हे त्यांचे कारण अगदीच पोकळ होते असे आम्ही म्हणत नाही. शास्त्रीबुवांनी मात्र चौकशी चालविली आणि दोषाचा धागा थेट नव्या पेशव्यांपर्यंत नेला. या पापास देहान्त प्रायश्चित्तावाचून दुसरे प्रायश्चित्त नाही, असा निर्णय त्यांनी रघुनाथरावांस तोंडावर ऐकविला, अशी परंपरा आहे. निर्णय अमलात आणण्यास त्यांच्यापाशी ना फौज ना खजिना. हाती होते ते एवढेच, की त्या कारभारास आपले नाव लावू न देणे. पद सोडून ते वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले.

या प्रकरणाची झळ आपल्या मुलखासही लागली. थोरल्या माधवरावांनी १७६४ साली हैदरअलीकडून धारवाड घेतले होते. वधानंतर फौज घेऊन कर्नाटकात उतरलेल्या रघुनाथरावांस स्वतःचे पेशवेपद कोणीतरी मान्य करावयास हवे होते. त्यांनी १७७४ च्या आरंभी हैदरशी तह केला आणि त्या मान्यतेची किंमत म्हणून त्याला सवलती दिल्या. पुण्यातील गादीची उठाठेव, मोल मात्र तुंगभद्रेकडच्या रयतेचे! १७७८ च्या सुमारास धारवाडचा किल्ला हैदरच्या हाती गेला.

बारभाईंनी रघुनाथरावांस दूर करून कारभार हाती घेतल्यावर शास्त्रीबुवांस सन्मानाने परत बोलाविले, आणि ते पुन्हा न्यायासनावर बसले. राहणी पूर्वीचीच होती. घरात एका दिवसाच्या गरजेहून अधिक शिधा ते ठेवीत नसत असे सांगतात. १७८९ साली त्यांचे देहावसान झाले. धारवाडचा किल्ला परशुरामभाऊ पटवर्धनांनी इंग्रजांच्या मदतीने कित्येक महिने वेढा घालून परत घेतला, तो १७९१ च्या एप्रिलात.