रहीमसाहेब: सलग पाच वेळा रोव्हर्स कप जिंकून देणारे मास्तर

बाद पद्धतीच्या स्पर्धेत दुसरी संधी नसते. एक मॅच हरलात की सामान बांधायचं आणि घरी जायचं. मुंबईचा रोव्हर्स कप असाच होता. इंग्रजांनी 1891 मध्ये तो सुरू केला आणि कित्येक वर्षं गोऱ्या पलटणीच तो नेत राहिल्या. 1937 मध्ये बंगलोर मुस्लिम्स या संघाने तो जिंकला, तेव्हा पहिल्यांदा हा कप भारतीय संघाच्या हाती आला.

त्यानंतर 1950 पासून सलग पाच वर्षं, म्हणजे 1954 पर्यंत, हा कप एकाच संघाने उचलला. तो होता हैदराबाद सिटी पोलीस. त्यांना घडवणारे उस्ताद होते सय्यद अब्दुल रहीम. आज आम्ही त्यांच्याविषयी लिहितोय, कारण नव्या पिढीला त्यांची ओळख झाली ती 2024 मधल्या ‘मैदान’ सिनेमातून. पण रहीमसाहेबांची गोष्ट सिनेमापेक्षा मोठी आहे.

17 ऑगस्ट 1909 रोजी हैदराबादेत त्यांचा जन्म झाला. पेशा शिक्षकाचा. उस्मानिया विद्यापीठात शिकले, मग शहरातल्या शाळांमध्ये शिकवलं. पुढे शारीरिक शिक्षणाचा डिप्लोमा केला. स्वतः फुटबॉल खेळायचे, पण त्यांचं खरं नाव झालं शिकवण्यात. 1943 मध्ये ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सेक्रेटरी झाले आणि 1950 मध्ये पोलीस संघाचे कोच.

त्यांची तालीम साधी, पण डोकं लावून केलेली. ज्या पायाने नीट मारता येत नाही, त्याच पायाने खेळायच्या स्पर्धा त्यांनी भरवल्या. बॉल पायात घोळवत न ठेवता लगेच पास द्यायचा, अशाही स्पर्धा घेतल्या. यातून पोरांना एकट्याने चमकायची नाही, तर एकमेकांना साथ द्यायची सवय लागली. बाद स्पर्धेत हीच सवय कामी येते. एखाद्याचा दिवस वाईट असला तरी संघ सावरतो.

पोलीस संघाने ड्युरँड कपही 1950 आणि 1954 मध्ये जिंकला. आमच्या मराठवाड्याच्या वाचकांसाठी एक आठवण: त्या काळी औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे जिल्हे हैदराबाद राज्यातच होते. म्हणजे मुंबईच्या कूपरेजवर जिंकणारी ती टीम आपल्याच राज्याची होती!

देशाच्या संघाचे कोच म्हणूनही रहीमसाहेबांनी इतिहास घडवला. 1951 मध्ये दिल्लीच्या एशियन गेम्समध्ये सुवर्ण. 1952 मध्ये मात्र हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाकडून 10-1 अशी दारुण हार. आपले बरेच खेळाडू तेव्हा अनवाणी खेळत होते. पण ते खचले नाहीत. चार वर्षांनी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला. तिथे ऑस्ट्रेलियाला 4-2 ने हरवताना मुंबईत खेळणाऱ्या गोव्याच्या नेव्हिल डिसूझा यांनी तीन गोल केले.

शेवटची मोहीम 1962 ची, जकार्ताची. पहिलीच मॅच दक्षिण कोरियाकडून 2-0 ने गेली. बचावपटू जरनैल सिंग यांच्या डोक्याला टाके पडले. रहीमसाहेबांनी त्यांना बाहेर न बसवता पुढच्या फळीत उभं केलं. 4 सप्टेंबरला फायनलमध्ये समोर पुन्हा कोरिया आणि प्रेक्षक भारताच्या विरोधात. पी. के. बॅनर्जी आणि त्याच जरनैल सिंग यांनी गोल केले. भारत 2-1 ने जिंकला.

त्यानंतर नऊच महिन्यांनी, 11 जून 1963 रोजी, फुफ्फुसाच्या कॅन्सरने त्यांचा इंतकाल झाला. वय अवघं 53. एशियन गेम्सचं फुटबॉल सुवर्ण त्यानंतर भारताला आजवर मिळालेलं नाही. कोचना दिला जाणारा द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला 1985 मध्ये, म्हणजे त्यांच्या जाण्यानंतर 22 वर्षांनी. मुंबईचा रोव्हर्स कपही आता बंद पडलाय.

आपल्या मोहल्ल्यात आजही पोरं संध्याकाळी बॉल घेऊन धावतात. पायात जोर आहे, जिद्द आहे. कमी आहे ती रोज मैदानावर येऊन शिकवणाऱ्या मास्तरांची. असा कुणी तुमच्या वस्तीत असेल, तर त्याची कदर करा, त्याला साथ द्या. रहीमसाहेबही आधी एक शाळामास्तरच होते.

अल्लाह त्यांची मगफिरत करो. आमीन.