महेश्वरचे माग

मुलांनो, परवा डब्लिनच्या एका दुकानात आम्ही जपानी रेशमाची हातपिशवी पाहिली. क्योटोच्या निशिजिन भागात किमोनोच्या कमरपट्ट्यासाठी विणतात, तसले नक्षीदार कापड होते. आपल्याकडे असे विणतात का, असे आमच्या कन्येने विचारले आणि आम्हाला अहिल्याबाई होळकर आठवल्या.

अहिल्याबाईंचा जन्म १७२५ साली चौंडी या खेड्यात झाला. वडील माणकोजी शिंदे. लहानपणीच लग्न होऊन त्या मल्हारराव होळकरांच्या सून झाल्या. १७५४ साली कुंभेरच्या वेढ्यात पती खंडेराव मारले गेले. त्या सती जायला निघाल्या होत्या. सासऱ्यांनी विनवून थांबवले आणि कारभार शिकवला. १७६६ साली सासरे गेले, पुढच्याच वर्षी मुलगा मालेराव गेला. एवढे दुःख गिळून त्यांनी राज्य हाती घेतले आणि ते सुमारे २८ वर्षे, १७९५ साली मृत्यू येईपर्यंत, चालवले.

त्यांनी बांधलेली देवळे आणि घाट सर्वांना ठाऊक आहेत. पण नर्मदाकाठी महेश्वरला राजधानी केल्यावर त्यांनी बाहेरगावचे कुशल विणकरही तिथे वसवले. नुसते घर देऊन विणकर टिकत नाही, त्याला गिऱ्हाईक लागते. पाहुण्यांना आहेर करायची वस्त्रे दरबार त्यांच्याकडूनच विणून घेई. किल्ल्याच्या भिंतींवरची नक्षी साडीच्या काठावर उतरली, ती अशी. आजच्या महेश्वरी साडीत बहुधा ताणा, म्हणजे उभे धागे, रेशमाचा आणि बाणा, म्हणजे आडवे धागे, सुताचा असतो. म्हणून ती हलकी असते.

आपल्या डब्लिनच्या लिबर्टीज भागातही असेच विणकर होते. फ्रान्समध्ये धर्मावरून छळ झाला, म्हणून १६८५ नंतर अनेक ह्यूगेनो कुटुंबे इथे आली. इथले पॉपलिन प्रसिद्ध झाले. त्यात ताणा रेशमाचा, बाणा लोकरीचा! डब्लिनमधला तो धंदा आता गेला. वीव्हर्स स्क्वेअर हे नाव तेवढे उरले.

महेश्वरचे मागही बंद पडत आले होते. १९७०च्या दशकाच्या अखेरीस होळकर घराण्यातील मंडळींनी रेहवा ही संस्था काढली, विणकर स्त्रियांना काम दिले आणि माग पुन्हा खडखडू लागले.

आईच्या कपाटात महेश्वरी साडी असेल, तर तिला विचारून काठ नीट पाहा. ताणा कुठला, बाणा कुठला, ते ओळखून पुढच्या वर्गात आम्हाला सांगा.