कै. आचार्य प्रल्हाद केशव अत्रे

शिरूर-दौंडच्या आम्हां देशस्थ ज्ञातिबांधवांस शेजारच्या सासवडचे आचार्य अत्रे घरचेच वाटतात. १८९८ साली कोडीत येथे जन्मलेल्या या शिक्षकाने १९४० साली 'नवयुग' साप्ताहिक व १९५६ साली 'मराठा' दैनिक काढून लेखणी संयुक्त महाराष्ट्रास वाहिली. टीका करताना त्यांचा तोल पुष्कळदा सुटे, हेही खरे. पुढे ते विधानसभेत विरोधी बाकांवर बसले; मंत्रिपद लाभले नाही. त्याआधी पुणे नगरपालिकेत असताना त्यांनी मंडईस महात्मा फुल्यांचे नाव देवविले. १९५४ साली त्यांच्यावर बोलपटही काढला. १३ जून १९६९ रोजी ते निवर्तले. ज्ञातीचा अभिमान बाळगताना ज्ञातीपलीकडे पाहण्याची ही दृष्टी आपण मुलांस देतो काय, असे आम्हांस ज्ञातिबांधवांस विचारावेसे वाटते.