हिटलरसाठी फायटर विमानं बनवणाऱ्या इंजिनिअरने भारताचं पहिलं फायटर जेट बनवलं, पण त्याला इंजिनच मिळालं नाही

पुण्यातल्या एरंडवण्याच्या कमला नेहरू पार्कमध्ये लहानपणी खेळायला गेला असाल, तर तिथं उभं केलेलं विमान नक्की आठवत असेल. मुंबईत वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरमध्ये शाळेची सहल गेली असेल तर तिथंही तसंच एक विमान दिसलं असेल. लांबट, टोकदार नाक, मागे वळलेले पंख. लोक त्याच्यासमोर फोटो काढतात आणि मिग समजून पुढे जातात.

ते मिग नाही. ते एचएफ-२४ मारुत आहे. भारतात डिझाइन झालेलं आणि भारतातच बनलेलं पहिलं फायटर जेट. आणि ते बनवणारा मुख्य माणूस होता एक जर्मन, कुर्ट टँक.

आज त्याची आठवण काढायचं कारण म्हणजे अ‍ॅमका. भारताचं स्वतःचं स्टेल्थ फायटर, म्हणजे शत्रूच्या रडारला सहजासहजी न दिसणारं विमान. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने त्याच्या विकासासाठी सुमारे १५ हजार कोटी रुपये मंजूर केले. ऐकायला आकडा मोठा वाटतो, पण अमेरिका अशा विमानांवर जे पैसे ओतते त्यापुढे तो किरकोळच आहे. त्याआधी आपण रशियाबरोबर स्टेल्थ फायटर बनवायला निघालो होतो. त्यासाठी २९५ मिलियन डॉलर दिले आणि २०१८ मध्ये त्यातून बाहेर पडलो. आता डिझाइन आपलं, पैसे आपले. इंजिन मात्र सुरुवातीला अमेरिकेचं.

ही शेवटची गोष्ट कुर्ट टँकने ऐकली असती तर तो बहुधा कपाळावर हात मारून बसला असता. कारण त्याच्या आयुष्याची निम्मी कहाणी इंजिनाभोवतीच फिरते.

टँकचा जन्म २४ फेब्रुवारी १८९८ चा. गाव ब्रोमबर्ग, तेव्हा जर्मनीत होतं, आज ते पोलंडमध्ये आहे. पहिल्या महायुद्धात हा गडी घोडदळात होता. युद्ध संपल्यावर बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात शिकला आणि विमानांच्या धंद्यात शिरला. १९३१ मध्ये तो फोके-वुल्फ कंपनीत आला आणि तिथं डिझाइनचा प्रमुख झाला.

त्याची एक खासियत होती. बाकीचे डिझायनर कागदावर विमान काढायचे आणि उडवायला पायलट बोलवायचे. टँक स्वतः टेस्ट पायलट होता. आपण काढलेलं विमान आपणच उडवायचं, ही त्याची सवय. त्याच्या फोके-वुल्फ कोंडोर या प्रवासी विमानाने १९३८ च्या ऑगस्टमध्ये बर्लिन ते न्यूयॉर्क हे अंतर कुठेही न थांबता जवळपास २५ तासांत कापलं. त्या काळात ही जगभर गाजलेली बातमी होती.

पण त्याचं नाव झालं ते एफडब्ल्यू-१९० मुळे.

जर्मनीकडे तेव्हा मेसरश्मिटचं १०९ नावाचं फायटर होतं. ते वेगवान होतं, पण नाजूक. टँकच्या डोक्यात घोडदळ पक्कं बसलेलं होतं. त्याच्या हिशोबाने १०९ हा शर्यतीचा घोडा होता आणि त्याला हवा होता लढाईचा घोडा. चिखलातल्या धावपट्टीवर उतरेल, कमी शिकलेला मेकॅनिक दुरुस्त करेल, दोन गोळ्या खाऊनही घरी येईल असा. शिवाय जर्मनीतलं चांगलं वॉटर-कूल्ड इंजिन आधीच मेसरश्मिटसाठी राखून ठेवल्यासारखं होतं. टँकने मग वेगळ्या जातीचं, हवेने थंड होणारं इंजिन घेतलं. फायटरला ते शोभणार नाही असं अनेकांना वाटत होतं, कारण ते गोल आणि जाडजूड होतं. टँकने विमानच त्याच्याभोवती बांधलं. १ जून १९३९ ला एफडब्ल्यू-१९० पहिल्यांदा उडालं आणि १९४१ मध्ये ते समोर आल्यावर ब्रिटनच्या स्पिटफायर पायलट्सना घाम फुटला. अशी २० हजारांहून जास्त विमानं बनली.

म्हणजे हातात जे इंजिन आहे त्यातून विमान उभं करायचं, हे त्याला जमत होतं. पुढे कामी येणार होतं ते हेच.

अर्थात इथं एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ही सगळी हुशारी हिटलरच्या राजवटीसाठी वापरली जात होती. फोके-वुल्फच्या कारखान्यांत सक्तीने आणलेले मजूर राबत होते. टँकवरच्या कौतुकाच्या लेखांत हा भाग बऱ्याचदा गाळला जातो.

युद्ध संपलं आणि जर्मनीत विमान बनवायलाच बंदी आली. जर्मन इंजिनिअर मात्र सगळ्यांना हवे होते. टँकला अर्जेंटिनाने उचललं. १९४७ मध्ये तो पेद्रो मातिएस या खोट्या नावाने तिकडे पोहोचला. कोर्दोबा शहरात त्याने पुल्की-२ नावाचं जेट फायटर बनवलं. ब्रिटिश रोल्स-रॉइसचं नीन इंजिन त्यात बसवलं. १९५० मध्ये ते उडालं आणि फेब्रुवारी १९५१ मध्ये राष्ट्राध्यक्ष पेरोन यांच्यासमोर टँकने ते स्वतः उडवून दाखवलं. तेव्हा त्याचं वय ५२ होतं.

त्यानंतर मात्र गाडी घसरली. चाचण्यांमध्ये दोन पायलट गेले. देशाची तिजोरी रिकामी होत होती. १९५५ मध्ये पेरोनची सत्ता गेली आणि टँकची टीम विखुरली. पुल्की-२ चे मोजकेच नमुने बनले. १९६० मध्ये अर्जेंटिनाने अमेरिकेकडून २८ सेबर जेट विकत घेतली आणि विषय संपला.

इथं भारत येतो.

१९५० च्या दशकात भारतीय हवाई दलाला नवं फायटर हवं होतं. मागणी काय होती बघा. आवाजाच्या दुप्पट वेग, ६० हजार फुटांची उंची आणि जमिनीवर हल्ला करण्याचीही ताकद. तेव्हा एचएएलच्या म्हणजे हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या नावावर स्वतः डिझाइन केलेलं विमान होतं एचटी-२. ते पंख्यावर चालणारं, पायलटना शिकवण्यासाठीचं छोटं विमान. ते बनवणारे डॉ. विष्णू माधव घाटगे आपल्या कोल्हापूरकडचे. जर्मनीत गॉटिंगेनला, वायुगतिकीचे बाप मानले जाणारे लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली पीएचडी करून आलेले. एचटी-२ ऑगस्ट १९५१ मध्ये उडालं होतं. तिथून थेट आवाजाच्या दुप्पट वेगावर उडी मारायची म्हणजे नुकतीच सायकल शिकलेल्या पोराला घाटात बुलेट चालवायला सांगण्यासारखं होतं.

ऑगस्ट १९५६ मध्ये टँक बंगलोरला एचएएलमध्ये दाखल झाला. सोबत त्याचा सहकारी मिटेलहुबर होता, आणि हळूहळू जर्मन इंजिनिअरांची टीम १८ जणांपर्यंत गेली. एचएएलकडे वरिष्ठ डिझायनर म्हणावेत असे अवघे तीन भारतीय होते. अशा विमानाची चाचणी घ्यायला लागणाऱ्या सोयी नव्हत्या. त्यात १९५७ पासून देशात परकीय चलनाची टंचाई सुरू झाली. बाहेरून एखादा सुटा भाग मागवायचा तरी फायली फिरवाव्या लागत.

मग टँकच्या टीमने काय केलं? विमानाच्या आकाराचं, अगदी त्याच मापाचं लाकडी ग्लायडर बनवलं. इंजिन नसलेलं. १९५९ मध्ये एका डकोटा विमानाला दोर बांधून ते वर ओढत नेलं जायचं आणि सोडून दिलं जायचं. पायलट ते तरंगत खाली आणायचा. अशी ७८ उड्डाणं झाली. विमान हवेत कसं वागतं, पंख कधी दगा देतात, उतरताना काय होतं हे सगळं त्यातून कळलं. महागडी सोय नाही म्हणून सुतारकामातून काढलेला हा मार्ग मला या गोष्टीतला सगळ्यात भारी भाग वाटतो. मागे घडी होणारी चाकं, फ्लॅप, सगळं त्या लाकडी विमानात होतं.

१७ जून १९६१ ला खरं विमान उडालं. चालवत होते विंग कमांडर सुरंजन दास. आठवड्याभराने संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्यासमोर त्याचं जाहीर प्रदर्शन झालं. कागदावर काम सुरू झाल्यापासून पाच वर्षांत, जवळपास शून्यातून, भारताने फायटर जेट आकाशात नेलं होतं.

पण त्या विमानात बसवलेली इंजिनं ही त्याच्यासाठी ठरलेली इंजिनं नव्हती.

टँकने विमानाचा आराखडा ब्रिटनच्या ब्रिस्टल कंपनीच्या ऑर्फियस १२ या इंजिनावर बेतला होता. त्यात आफ्टरबर्नर होता. सोप्या भाषेत सांगायचं तर इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम हवेत पुन्हा इंधन जाळून जास्तीचा जोर काढण्याची सोय. असं प्रत्येक इंजिन ८ हजार पौंडांहून जास्त जोर देणार होतं. ते अजून तयार होत होतं. मध्येच नाटो देशांचा त्यातला रस संपला. कंपनीने सांगितलं की उरलेला खर्च भारताने उचलला तर काम पूर्ण करू. भारताने नकार दिला.

मागे वळून बघताना हा नकार चुकीचा वाटतो. पण तेव्हाच्या अर्थखात्याच्या जागी बसून बघा. धान्य आयात करावं लागत होतं, धरणं आणि पोलाद कारखाने उभे राहत होते, आणि परदेशी कंपनीच्या अर्धवट इंजिनासाठी पौंड मोजायचे होते. तरीही माझं मत विचाराल तर तिथंच चुकलं. विमानावर खर्च केलेला पैसा त्या नकारामुळे अर्धा वाया गेला.

शेवटी नॅट विमानासाठी एचएएल बनवत असलेल्या ऑर्फियसचाच भाऊ, ऑर्फियस ७०३, मारुतमध्ये बसला. दोन इंजिनं, प्रत्येकी ४,८५० पौंड जोर, आफ्टरबर्नर नाही. आवाजाच्या दुप्पट वेगासाठी आखलेलं विमान सरळ उड्डाणात आवाजाचा वेगही गाठू शकत नव्हतं.

मग इंजिनाचा शोध सुरू झाला. रशियन इंजिन बघितलं, ते मानवलं नाही. इजिप्तबरोबर करार झाला. तिथं नासर यांच्या पाठिंब्याने एचए-३०० नावाचं हलकं फायटर बनत होतं आणि त्यासाठी ऑस्ट्रियन इंजिनिअर ब्रांडनर ई-३०० हे इंजिन तयार करत होता. गंमत म्हणजे एचए-३०० चा मूळ डिझायनर होता मेसरश्मिट, टँकचा जुना प्रतिस्पर्धी. आणि मार्च १९६४ मध्ये ते विमान पहिल्यांदा उडवलं एका भारतीयाने, हवाई दलाचे टेस्ट पायलट कपिल भार्गव यांनी. एक मारुत इजिप्तला नेऊन १९६७ मध्ये त्यात ई-३०० बसवून उडवलंही गेलं. पण त्याच वर्षी इस्रायलबरोबरच्या युद्धात इजिप्तचं कंबरडं मोडलं आणि १९६९ मध्ये त्यांनी तो प्रकल्पच गुंडाळला.

उरला एकच मार्ग. ऑर्फियसलाच घरी आफ्टरबर्नर जोडायचा. १० जानेवारी १९७० ला त्या विमानाची चाचणी सुरू असताना टेकऑफनंतर ते कोसळलं आणि सुरंजन दास गेले. मारुत पहिल्यांदा उडवणारा माणूस मारुतमध्येच गेला. बंगळुरूत आज त्यांच्या नावाचा रस्ता आहे.

दरम्यान सरकारने दुसरा रस्ता धरला होता. पाकिस्तानला अमेरिकेकडून स्टारफायटर मिळाली होती आणि थांबायला वेळ नव्हता. १९६२ मध्ये सोव्हिएत संघाशी मिग-२१ चा करार झाला. मैत्रीच्या भावात विमानं मिळाली, इथं बनवायचा परवानाही मिळाला. त्यासाठी नाशिकजवळ ओझरला कारखाना उभा राहिला. ओझर गाव देशाच्या नकाशावर आलं ते तिथून. पण मारुतसाठी पैसा, माणसं आणि मुळात इच्छा, सगळंच आटत गेलं.

टँक १९६७ मध्ये एचएएलमधून बाहेर पडला आणि पुढे जर्मनीला परतला. एकूण १४७ मारुत बनली. १९७१ च्या युद्धात राजस्थान सीमेवर उत्तरलाईच्या तळावरून त्यांनी पाकिस्तानी रणगाडे, रेल्वे आणि छावण्यांवर हल्ले चढवले. स्क्वॉड्रन लीडर के. के. बक्षी यांनी ७ डिसेंबरला मारुतमधून पाकिस्तानचं सेबर पाडलं. जमिनीवरच्या तोफांनी काही मारुत पडली, पण हवेतल्या लढाईत एकही नाही. एक इंजिन बंद पडल्यावर दुसऱ्यावर परत आलेली मारुतही होती. वेग नव्हता, पण मार खाऊन घरी येणारा टँकचा तो लढाईचा घोडा राजस्थानात दिसला.

आता अ‍ॅमकाकडे या. पहिली विमानं अमेरिकेच्या जीई कंपनीच्या एफ-४१४ इंजिनावर उडणार आहेत. त्याच कंपनीला तेजस मार्क-१ए साठी ९९ इंजिनांची ऑर्डर २०२१ मध्ये दिली होती आणि त्यातलं पहिलं इंजिन हातात पडलं मार्च २०२५ मध्ये. अ‍ॅमकाच्या पुढच्या आवृत्तीसाठी फ्रान्सच्या सफरानबरोबर इंजिन बनवायचं ठरलंय. त्याचा खर्च वेगळा, म्हणजे अर्थखात्याच्या टेबलावर ६० हून जास्त वर्षांपूर्वीचीच फाईल नव्या नंबराने आली आहे.

कुर्ट टँक ५ जून १९८३ ला म्युनिकमध्ये वारला. तेव्हा मारुत अजून हवाई दलात होतं. १९९० पर्यंत तेही निवृत्त झालं. म्युनिकच्या बाहेर श्लाइसहाइमला विमानांचं मोठं संग्रहालय आहे. तिथं एक मारुत ठेवलंय. आणि त्याच संग्रहालयात इजिप्तचं एचए-३०० पण आहे, ज्याच्या इंजिनाची मारुत वाट बघत राहिलं.