कॉम्प्युटरमधलं पाखरू त्यांनी पकडलं नव्हतं, पण चुका शोधायचं काम मशीनच्या गळ्यात मारलं ते ग्रेस हॉपर यांनीच

तारीख ९ सप्टेंबर १९४७. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात मार्क टू नावाचा खोलीभर पसरलेला कॉम्प्युटर होता आणि त्या दिवशी तो नीट चालत नव्हता. माणसांनी आतला एकेक भाग तपासला. विजेवर उघडझाप करणाऱ्या खटक्याला रिले म्हणतात. तसल्या ७० नंबरच्या रिलेत, दिव्यावर येतं तसं एक पाखरू अडकून मेलं होतं. त्यांनी ते काढलं आणि चिकटपट्टी लावून नोंदवहीत चिकटवलं. ती वही आज स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात आहे, पाखरासकट.

इंग्रजीत किड्याला बग म्हणतात. त्यामुळे सॉफ्टवेअरमधल्या चुकीला बग म्हणायची सुरुवात इथून झाली आणि हा पहिला बग ग्रेस हॉपर यांनी पकडला, असं तुम्ही कुठे ना कुठे वाचलं असेल.

या दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत. यंत्रातल्या बिघाडाला बग म्हणायची पद्धत जुनी आहे, एडिसननं १८७८ सालीच हा शब्द वापरला होता. आणि पाखरू सापडलं ते हॉपर यांच्या सहकाऱ्यांना. हॉपर यांनी तो किस्सा आयुष्यभर रंगवून सांगितला आणि तो त्यांच्याच नावावर चढला.

पण या किस्स्याच्या नादात त्यांचं खरं काम झाकलं गेलं.

घड्याळं खोलणारी मुलगी

ग्रेस मरे यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ चा, न्यूयॉर्कमधला. सात वर्षांची असताना तिनं घरातलं गजराचं घड्याळ खोललं. परत जोडता येईना म्हणून दुसरं खोललं. असं करत सात घड्याळं झाली, मग आईनं एकाच घड्याळावर भागवायला लावलं.

वासर कॉलेजातून १९२८ साली पदवी आणि येल विद्यापीठातून १९३४ साली गणितात पीएचडी झाली. मधल्या काळात व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी लग्न झालं आणि वासरमध्ये प्राध्यापकीही सुरू झाली. पुढे लग्न मोडलं, आडनाव मात्र तेच राहिलं.

दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर त्यांना नौदलात जायचं होतं. वय सदतिशीच्या घरात होतं आणि वजन नियमापेक्षा साधारण सात किलो कमी. तरीही खास सवलत मिळवून त्या डिसेंबर १९४३ मध्ये भरती झाल्या. प्रशिक्षण संपल्यावर नौदलानं १९४४ साली त्यांना हार्वर्डला पाठवलं. तिथे हॉवर्ड एकेन यांच्या हाताखाली मार्क वन हा पन्नासेक फूट लांबीचा कॉम्प्युटर होता. त्याला सूचना द्यायच्या त्या कागदी पट्टीवर भोकं पाडून. एक भोक चुकलं की उत्तर चुकायचं आणि मग पट्टी डोळ्यांनी तपासत बसायचं. त्या काळी डीबगिंग म्हणजे हेच काम होतं. या मशीनची ५०० हून जास्त पानांची माहितीपुस्तिका मुख्यतः हॉपर यांनीच लिहिली.

चूक होऊच नये म्हणून

तिथे काम करताना हॉपर यांच्या एक गोष्ट लक्षात आली. वर्गमूळ किंवा साइन काढायचा तपासलेला प्रोग्रॅम प्रत्येकाच्या वहीत असायचा. गरज पडली की एकमेकांच्या वहीतून तो उतरवून घ्यायचे. बरोबर असलेला प्रोग्रॅम उतरवताना चुकायचा. कुठे आकडा इकडचा तिकडे व्हायचा, कुठे बेरीज चुकायची.

म्हणजे चूक करणारा होता माणूस, आणि तीही सगळ्यात कंटाळवाण्या कामात. मग हे काम मशीनलाच का देऊ नये?

१९४९ साली त्या फिलाडेल्फियाच्या एकर्ट-मॉक्ली कंपनीत गेल्या. ही कंपनी युनिव्हॅक बनवत होती. तिथे १९५१-५२ मध्ये त्यांनी ए-झिरो नावाची व्यवस्था उभी केली. तपासलेले प्रोग्रॅम टेपवर साठवायचे, प्रत्येकाला नंबर द्यायचा आणि माणसानं फक्त नंबर सांगायचे. शोधणं, उतरवणं, जोडणं हे सगळं मशीन करेल. आजच्या कंपायलरचं हे सुरुवातीचं रूप. कॉम्प्युटर फक्त आकडेमोड करतो, प्रोग्रॅम लिहीत नाही, असं तेव्हा लोक मानत. त्यामुळे चालणारी गोष्ट समोर असूनही बराच काळ कुणी तिच्याकडे वळेना.

पुढची पायरी म्हणजे फ्लो-मॅटिक. यात सूचना साध्या इंग्रजी शब्दांत लिहिता येत. मशीनला भाषेशी देणंघेणं नसतं हे पटवायला हॉपर यांनी फ्रेंच आणि जर्मन शब्दांतल्या सूचनाही चालवून दाखवल्या. अमेरिकन कॉम्प्युटर जर्मन कसा बोलेल, म्हणून वरिष्ठ उलट बिथरले.

१९५९ साली सरकार, लष्कर आणि कंपन्या एकत्र येऊन कोबोल ही भाषा ठरली. ती एकट्या हॉपर यांनी लिहिली नाही, ते समितीचं काम होतं. पण त्यामागे फ्लो-मॅटिकचा मोठा आधार होता. डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबोल प्रोग्रॅम दोन वेगळ्या कंपन्यांच्या कॉम्प्युटरवर जवळपास जसाच्या तसा चालवून दाखवला गेला.

निवृत्तीनंतरचं सर्वात मोठं काम

१९६६ च्या अखेरीस नौदलानं त्यांना वयामुळे निवृत्त केलं आणि १९६७ मध्ये सहा महिन्यांसाठी परत बोलावलं. ते सहा महिने जवळजवळ १९ वर्षं चालले.

कारण कोबोल म्हणत प्रत्येक कंपनी आपापली बोली विकत होती. एका मशीनवर चालणारा प्रोग्रॅम दुसऱ्यावर अडखळायचा. हॉपर आणि त्यांच्या गटानं यावर उपाय काढला तो चाचणी प्रोग्रॅमचा. कंपनीनं कंपायलर आणला की हे प्रोग्रॅम त्यावर चालवायचे. अपेक्षित उत्तर आणि आलेलं उत्तर मशीनच जुळवून बघणार. कंपनीच्या शब्दावर विश्वास ठेवायची गरजच नाही. या चाचण्यांमुळे कंपन्यांच्या बोली एकमेकींच्या जवळ आल्या. १९८० च्या दशकात ही जबाबदारी अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सकडे गेली.

१४ ऑगस्ट १९८६ रोजी, वयाच्या ७९ व्या वर्षी, त्या रिअर अ‍ॅडमिरल म्हणून निवृत्त झाल्या. १ जानेवारी १९९२ ला त्यांचं निधन झालं. २०१६ मध्ये त्यांना मरणोत्तर प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम मिळालं.

मग फझिंग कुठून आलं?

हॉपर यांच्या चाचण्यांना एक मर्यादा होती. काय विचारायचं हे माणूसच ठरवत होता. जे माणसाला सुचलंच नाही, त्याचं काय?

समजा, धाराशिव जिल्ह्यातल्या माकणीचा एक शेतकरी मोबाईलवर पीकविम्याचा अर्ज भरतोय. तो क्षेत्राच्या जागी मराठी आकडे टाकतो, एखादा रकाना रिकामा सोडतो, रेंज गेली म्हणून बटण तीनदा दाबतो. अ‍ॅप बनवणाऱ्याला यातलं एक जरी सुचलं नसेल तर अर्ज अडकतो आणि मुदत निघून जाते.

यावरचा उपाय म्हणजे फझिंग. मशीननंच हजारो वेड्यावाकड्या गोष्टी भरून बघायच्या आणि प्रोग्रॅम कशानं कोलमडतो ते शोधायचं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाचे बार्टन मिलर यांनी १९८८ मध्ये विद्यार्थ्यांना हेच करायला लावलं. १९९० साली निकाल छापून आले, तेव्हा तपासलेल्या युनिक्स प्रोग्रॅमपैकी पाव ते एक तृतीयांश प्रोग्रॅम कोलमडले किंवा अडकून बसले होते.

हे काम आपल्याकडेही चालतं. पुण्यात टीसीएसच्या संशोधकांनी व्हेरिफझ नावाचं साधन बनवलंय. ते आधी प्रोग्रॅमचा कोड वाचून अंदाज घेतं आणि मग कुठे काय भरायचं ते ठरवतं. २०१९ मध्ये टेस्ट-कॉम्प ही सॉफ्टवेअर चाचणी साधनांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा पहिल्यांदा झाली, तेव्हा एकूण गुणांत व्हेरिफझ पहिलं आलं.

१९४७ च्या त्या नोंदवहीत माणसं बिघाड झाल्यावर तो शोधत होती. हॉपर यांनी उतरवायचं काम मशीनला दिलं, नंतर तपासायचं दिलं. फझिंगमध्ये काय तपासायचं ते सुचवायचं कामही मशीनकडे गेलंय. अर्ज तरीही अडकतातच. पण शेतकऱ्याच्या हातात पडायच्या आधी जे अ‍ॅप अशा हजार चाचण्यांतून गेलेलं असतं, तिथे ते कमी अडकतात.