केसरबाईंचे गाणे आणि अभिजनांचे कुंपण

2024 साली मद्रासच्या म्युझिक अकादमीने टी. एम. कृष्णा यांना 'संगीत कलानिधी' हा सन्मान जाहीर केला आणि काही नामवंत कर्नाटकी गायकांनी अकादमीच्या महोत्सवातून अंग काढून घेतले. कृष्णा यांचा गुन्हा कोणता? ते कर्नाटक संगीतातील ब्राह्मणी मक्तेदारीवर बोलतात आणि पेरियारांचा गौरव करतात. वाद मद्रासचा असला तरी प्रश्न आपल्याही घरचा आहे. शास्त्रीय संगीत ही उच्चवर्णीयांचीच मिरासदारी आहे काय? चळवळीतील अनेकांना तसेच वाटते. ख्याल त्यांचा, जलसा आपला, अशी वाटणी करून आपण मोकळे होतो. ही वाटणी मान्य करण्याआधी केसरबाई केरकर यांचे आयुष्य पाहिले पाहिजे.

केसरबाईंचा जन्म 1892 साली गोव्यातील फोंडा महालातल्या केरी गावी, कलावंत समाजात झाला. या समाजातील स्त्रियांनी देवळात गायचे, नाचायचे, पालखीपुढे सेवा करायची. देवळाची मालकी महाजनांची. बाईला लग्नाचा अधिकार नाही, तिच्या मुलांना बापाचे नाव नाही. देवाच्या नावाने चालणारी ही जातीची आणि पुरुषी सत्तेची जोडगुलामी होती. गळा तिचा, पण त्या गळ्यावर हक्क दुसऱ्याचा.

लहानपणी कोल्हापुरात अब्दुल करीम खाँ यांच्याकडे काही महिने, मग गोव्यात रामकृष्णबुवा वझे, पुढे मुंबईत बरकतुल्ला खाँ आणि भास्करबुवा बखले अशी त्यांची तालीम तुटक तुटक झाली. दारोदार विद्या मागावी लागली. अखेर 1921 साली अल्लादिया खाँ यांनी त्यांना गंडा बांधला आणि 1946 मध्ये खाँसाहेबांचे निधन होईपर्यंत ते नाते टिकले. हे अल्लादिया खाँ कोण? राजर्षी शाहू महाराजांच्या दरबारचे गवई. ज्या राजाने 1902 मध्ये मागासलेल्यांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या, त्याच राजाने या मुसलमान गवयाला आश्रय दिला. मुसलमान उस्ताद, बहुजनांचा राजा आणि देवळाच्या दास्यातून आलेली स्त्री, या तिघांच्या आधाराने जयपूर घराण्याचे गाणे महाराष्ट्रात उभे राहिले. मग ते अभिजनांचे झाले कधी?

ते झाले विसाव्या शतकात. विष्णू दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. भातखंडे यांच्या पुढाकाराने 1916 मध्ये बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. दोघांचे कष्ट मोठे, ते नाकारण्याचे कारण नाही. गाणे शाळेत आले, पुस्तकात आले. पण त्याच वेळी त्याचे शुद्धीकरणही झाले. उस्ताद अडाणी ठरला आणि बाई बदनाम ठरली. 1946 मध्ये सरदार पटेल नभोवाणी खात्याचे मंत्री झाल्यावर, ज्यांचे खाजगी जीवन लोकापवादाचा विषय आहे अशा कलाकारांना आकाशवाणीची दारे बंद करण्यात आली. लोकापवाद बाईच्या वाट्याला आला. तिच्याकडे जाणाऱ्या शेठ-सावकारांना कोणी जाब विचारला नाही. गाणे ठेवून घ्यायचे आणि गाणारीला उंबऱ्याबाहेर उभे करायचे, हीच ती कुंपण घालण्याची रीत.

केसरबाईंनी या व्यवस्थेपुढे मान तुकवली नाही. त्या आपल्या अटीवर गायल्या. बिदागी त्या ठरवीत आणि बैठकीची शिस्तही त्याच ठरवीत. श्रीमंत यजमान असला तरी त्याचा मुलाहिजा नाही. पुढे सन्मान चालत आले. 1953 मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, 1969 मध्ये पद्मभूषण, त्याच वर्षी महाराष्ट्राची राज्यगायिका. मात्र या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट दुसरीच आहे. त्यांनी आपल्या मुलीला गाण्यात घातले नाही, डॉक्टर केले. गाण्याच्या शिखरावर बसलेल्या बाईला हे गाणे कोणत्या किमतीला मिळते हे पुरते ठाऊक होते.

16 जून 1936 रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी मुरळ्या, जोगतिणी, देवदासी भगिनींना त्या जिण्यातून बाहेर पडण्यास बजावून सांगितले होते. उपासमार पत्करा, पण अपमानाची भाकरी नको, असा त्या उपदेशाचा आशय. केसरबाईंनी आपल्या घरापुरते तेच केले.

घरापुरतेच, हेही स्पष्ट म्हटले पाहिजे. केसरबाईंनी नभोवाणीवर गाणे नाकारले, मोजक्याच ध्वनिमुद्रिका दिल्या, आणि धोंडूताई कुलकर्णी या एकाच शिष्येला खरी विद्या दिली. आपले गाणे रस्त्यावर, पानाच्या दुकानात ऐकू येऊ नये असे त्यांना वाटे. जिला आयुष्यभर दाराबाहेर ठेवण्याचा प्रयत्न झाला, तिनेच आपल्या गाण्याला दार लावून घेतले. त्यामागची जखम आपण समजू शकतो. पण एकट्याने मिळवलेली प्रतिष्ठा एकट्याबरोबर संपते. समाजाची मुक्ती अशा वाटेने येत नाही.

1977 साली अमेरिकेच्या व्हॉयेजर यानांबरोबर पृथ्वीवरील संगीताची तबकडी अवकाशात गेली. त्यात भारताच्या वतीने एकच गाणे आहे, केसरबाईंची भैरवी, 'जात कहाँ हो'. दुसरे यान सुटल्यावर काही दिवसांतच, 16 सप्टेंबर 1977 रोजी त्या गेल्या. 2012 मध्ये त्यातील एक यान सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडले. कुठे जातोस, असा त्या शब्दांचा अर्थ. मराठी कानाला मात्र पहिलाच शब्द टोचतो. सूर्यमालेचे कुंपण ओलांडणारा हा आवाज ज्या समाजातून आला, त्याला गावच्या देवळात माणूस म्हणून जागा नव्हती.

म्हणून शास्त्रीय संगीत आपले नाही असे म्हणू नका. ते ज्यांनी घडवले त्यांची नावे मागा. आपल्या वस्तीतल्या मुलीला तंबोरा घ्यावासा वाटला तर तिला अडवू नका, आणि तिला डॉक्टर व्हायचे असेल तर तिच्या हाती तंबोरा लादू नका. निवड तिची असली पाहिजे. केसरबाईंच्या आईला ती निवड कधीच मिळाली नव्हती.